‘सगळं ठीक ना?’ एवढंच विचारू नका

गेल्या खेपेला कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते, ते लिहिलं होतं. त्यावरची तुमची पत्रं अजून येताहेत. त्यांची उत्तरं सवडीनं देईनच. पण आज बरण्या आणि फडकी जरा बाजूला ठेवू या. आज मी तुम्हाला विमानतळावर नेणार आहे. ‘आमच्या घरकामाचा आणि विमानाचा काय संबंध?’ असं म्हणून पान उलटू नका हं. संबंध आहे, आणि तो न कळल्यामुळं माझ्या घरात एक हाड मोडलं.

माझी आई ७८ वर्षांची. गावी राहते. शेजारपाजार भरपूर आहे, पण घरात एकटीच. मी रोज दिवेलागणीला तिला फोन करते. ठरलेले प्रश्न, ठरलेली उत्तरं.

“गोळ्या घेतल्यास ना?”

“घेतल्या गं.”

“दुपारी नीट जेवलीस ना?”

“जेवले.”

“सगळं ठीक ना?”

“ठीक आहे. मला काय धाड भरलीय!”

की मी फोन ठेवून कुकर लावायला मोकळी. रोज आईची चौकशी करते, म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घ्यायची.

गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडली. मनगट मोडलं. डोक्याला लागलं नाही, हे नशीब. डॉक्टरांनी गोळ्यांचा डबा मागवला तेव्हा उलगडा झाला. रक्तदाबाची एकच गोळी ती दोनदा घेत होती. झालं होतं असं, की जुनं पाकीट संपायच्या आत दुकानातून त्याच औषधाचं, पण दुसऱ्या कंपनीचं पाकीट आलं. नाव वेगळं, गोळीचा रंग वेगळा. तिला वाटलं, डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. मग जुनीही घ्यायची आणि नवीही घ्यायची! असं बारा दिवस चाललं. आणि त्या बाराही दिवशी मी विचारलं होतं, “गोळ्या घेतल्यास ना?” तिनं खरंच घेतल्या होत्या. ती बिचारी एक अक्षरही खोटं बोलली नव्हती.

आईचा हात प्लॅस्टरमध्ये असताना माझ्या मैत्रिणीची मुलगी तिला भेटायला आली. ही मुलगी विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे, म्हणजे आकाशातल्या विमानांना रस्ता सांगणारी. मी चहा टाकता टाकता सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, “मावशी, रागावू नका, पण तुमचा प्रश्नच चुकीचा होता. ‘सगळं ठीक ना’ एवढ्यावर भागवल्यामुळं आमच्याकडे काय काय झालंय, ते सांगू का?”

खरं सांगते, मी जरा रागावलेच. पण मग तिनं जे सांगितलं, ते ऐकताना चहा निवून गेला. पुढं मी स्वतःही त्याबद्दल बरंच वाचलं. तेच आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी या कंट्रोलरचं काम कसं असतं ते पाहू. आपल्याला वाटतं, ही मंडळी विमानतळाच्या उंच मनोऱ्यात बसतात. काहीजण बसतातही. पण विमान उतरायला येतं तेव्हा त्याला रांगेत लावून धावपट्टीच्या दिशेला आणून सोडणारे कंट्रोलर बहुतेक वेळा खिडकी नसलेल्या अंधाऱ्या खोलीत, रडारच्या पडद्यासमोर बसलेले असतात. पडद्यावर विमान म्हणजे एक ठिपका. त्याच्याशेजारी विमानाचं नाव, उंची आणि वेग. बस्स.

ढग दाटले असले, धुकं असलं, तर वैमानिकाला खालची जमीन दिसतच नाही. मग तो आय. एल. एस. नावाच्या यंत्रणेच्या भरवशावर उतरतो. धावपट्टीशेजारून दोन रेडिओलहरी सोडलेल्या असतात. एक सांगते, तू डावीकडे आहेस की उजवीकडे. दुसरी सांगते, तू उतारावर वर आहेस की खाली. हा उतार असतो साधारण तीन अंशांचा, म्हणजे अगदी हलका. अंधारात जिना उतरताना आपण कठड्यावर हात ठेवून उतरतो ना, तसंच हे. कठड्याला हात लागलेला असला की पायरी दिसली नाही तरी चालतं.

या उताराचा एक सोपा हिशेब आहे. धावपट्टीपासून एक सागरी मैल दूर, तर साधारण ३०० फूट उंची. दहा मैलांवर ३,००० फूट, पाच मैलांवर १,५०० फूट. म्हणून पडद्यावरचे दोन आकडे पाहिले, की उतरणारं विमान वाटेवर आहे की नाही, हे कंट्रोलरला चटकन कळतं.

पण मैत्रिणींनो, मुख्य गोष्ट पुढंच आहे. विमान कंट्रोलरच्या हातात नसतं! सुकाणू वैमानिकाच्या हातात. कंट्रोलरच्या हातात काय, तर फक्त शब्द. लांबून कुणीतरी चुकताना दिसतंय, हात तर पोचत नाही, आणि बोलायला काही सेकंदच आहेत. आता मला सांगा, ही अवस्था आपल्यापैकी कुणाच्या ओळखीची नाही? परगावी शिकणारा मुलगा, सासरी गेलेली लेक, गावी एकटे राहणारे आईवडील. आपणही शब्दांवरच तर संसार चालवतो.

आता पहिली हकीकत ऐका. ही अमेरिकेतली, मायामी शहराची. २९ डिसेंबर १९७२ची रात्र. न्यूयॉर्कहून आलेलं एक मोठं प्रवासी विमान उतरण्याच्या बेतात होतं. पुढचं चाक खाली आल्याचा दिवा लागेना. म्हणून वैमानिकानं उतरणं थांबवलं आणि २,००० फुटांवर जाऊन विमान आपोआप चालणाऱ्या यंत्रावर सोपवलं. मग सगळेजण त्या एवढ्याशा दिव्याच्या मागं लागले. या गडबडीत उंची धरून ठेवणारं यंत्र सुटलं, आणि विमान हळूहळू खाली येऊ लागलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते एका कंट्रोलरच्या. त्याच्या पडद्यावर विमानाची उंची ९०० फूट दिसली. पण त्या काळच्या पडद्यावर असे आकडे क्षणभर चुकीचे येत असत. त्यानं विचारलं काय? ‘कसं काय चाललंय तिकडे?’ अशा अर्थाचं काहीतरी. वैमानिकांना वाटलं, हा दिव्याचंच विचारतोय. ‘ठीक आहे, आता वळून परत यायचंय,’ असं उत्तर आलं. कंट्रोलरनं वळायची परवानगी दिली. थोड्याच वेळात विमान दलदलीत कोसळलं. विमानात १७६ माणसं होती. त्यांतली १०१ गेली.

चौकशीत मुख्य कारण ठरलं ते वैमानिकांचं उंचीकडे झालेलं दुर्लक्ष. कंट्रोलरच्या माथी ते मारलं नाही, आणि आपणही मारू नये. पण बघा ना, ‘तुमची उंची मला ९०० फूट दिसतेय’ असं वाक्य जर त्याच्या तोंडून गेलं असतं! त्याला दिसलं होतं एक, त्यानं विचारलं भलतंच. मीही तेच करत होते. मनात असायचं ‘हिचं औषध चुकत तर नाही?’ आणि ओठांवर ‘सगळं ठीक ना?’

त्या अपघातानंतर अमेरिकेत कंट्रोलरच्या रडारला एक गजर जोडण्यात आला. विमान धोक्याइतकं खाली आलं, की तो पडद्यावर दिसतो आणि वाजतो. तो वाजला की बोलायचे शब्दही ठरलेले आहेत. आधी विमानाचं नाव, मग ‘उंची कमी असल्याचा इशारा’, आणि मग ‘लगेच उंची तपासा’. कुणाला, काय दिसतंय, काय कर. तीनच गोष्टी. ‘कसं काय’ला त्यात जागा नाही.

दुसरी हकीकत आपल्या देशातली, कोकण किनाऱ्यानं खाली गेलं की लागणाऱ्या मंगळूरची. २२ मे २०१०ची पहाट. दुबईहून माणसं घरी येत होती. मंगळूरची धावपट्टी डोंगराच्या माथ्यावर, टेबलासारखी. टोकाला खोल दरी. दोन दिवसांपूर्वी, २० मेपासून तिथलं रडार बंद पडलेलं. म्हणजे कंट्रोलरला तो ठिपका आणि तो आकडाही दिसत नव्हता. वैमानिक जे सांगेल तेच त्याचे डोळे.

विमान उतरणीच्या वाटेवर यायला पाहिजे त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं. मुख्य वैमानिक प्रवासातला बराच वेळ झोपलेला होता, हे विमानातल्या ध्वनिमुद्रणावरून नंतर कळलं. मनोऱ्यातून विचारणा झाली, की विमान आय. एल. एस.च्या वाटेवर नीट लागलं का? मुख्य वैमानिकानं आपल्या सहकाऱ्याला ‘हो’ म्हणायला लावलं. ‘हो’ आलं, आणि उतरायची परवानगी मिळाली. सहवैमानिक त्याला ‘उतरू नका, पुन्हा वर घ्या’ असं तीनदा म्हणाला. त्याचं ऐकलं गेलं नाही. विमान धावपट्टीचा अर्ध्याहून जास्त भाग ओलांडून टेकलं आणि दरीत गेलं. विमानातल्या १६६ माणसांपैकी आठच वाचली.

‘नीट लागलं का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर फार स्वस्तात येतं. ‘किती मैलांवर आहात, उंची किती?’ असं विचारलं, की आकडा सांगावा लागतो, आणि आकडा सांगण्यासाठी माणसाला एकदा तरी त्या तबकडीकडे बघावं लागतं. खोटं ‘हो’ म्हणणं सोपं. खोटा आकडा रचायला मात्र धीर लागतो. आणि अनवधानानं चुकलेला माणूस तर आकडा वाचतानाच दचकतो.

तिसरी हकीकत बरोबर दहा वर्षांनंतरची. तारीखही तीच, २२ मे. साल २०२०, गाव कराची. करोनाच्या टाळेबंदीनंतर पाकिस्तानात विमानं नुकतीच सुरू झाली होती, आणि माणसं लाहोरहून ईदसाठी घरी निघाली होती. विमान दहा मैलांवर आलं तेव्हा त्याची उंची होती ७,००० फुटांहून जास्त. आपला हिशेब आठवा: दहा मैलांवर ३,००० पाहिजे!

इथल्या कंट्रोलरला हे दिसलं. उतरायला एवढं अंतर पुरेल ना, असं त्यानं विचारलं. एक फेरी मारून या, असं सुचवलं. दोनदा उंचीबद्दल सावध केलं. डावीकडे वळा, असंही सांगितलं. दर वेळी उत्तर आलं ते साधारण एकच, की आम्ही ठीक आहोत, वाटेवर लागलो आहोत. दोघे वैमानिक वाटभर करोनाबद्दलच बोलत होते, असं तिथल्या मंत्र्यांनी नंतर संसदेत सांगितलं. आणि शेवटी कंट्रोलरनं काय केलं? उतरायची परवानगी देऊन टाकली.

घाईघाईनं खाली आणलेल्या त्या विमानाची चाकं आधी बाहेर काढलेली होती. ती शेवटच्या टप्प्यात पुन्हा आत घेतली गेली. विमान पोटावर, इंजिनांवर घासत गेलं. ठिणग्या उडाल्या. वैमानिकानं ते पुन्हा उचललं. हे सगळं मनोऱ्यातल्या कंट्रोलरनं पाहिलं. त्यानं ते फोनवरून आतल्या कंट्रोलरला कळवलं. पण दोघांपैकी कुणीही ते वैमानिकाला सांगितलं नाही! काही मिनिटांत दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि विमान विमानतळाजवळच्या दाट वस्तीवर पडलं. ९९ जणांपैकी दोघेच वाचले. खालच्या वस्तीतलंही एक माणूस दगावलं.

वैमानिकाला सांगितलं असतं तर विमान वाचलं असतं का? कोण सांगणार! पण चौकशीच्या अहवालानं हे न सांगणं मुद्दाम नोंदवलं आहे. मला तर हे वाचताना आपली घरंच आठवली. ‘तिच्या मुलाला त्या टोळक्यात पाहिलं हो,’ हे जावेला सांगायचं, नणंदेला सांगायचं, पण तिला नाही. ‘त्यांचा हात हल्ली फार थरथरतो,’ हे साऱ्या आळीला माहीत असतं, फक्त घरच्यांना सोडून. जे दिसलं, ते ज्याच्या कामाचं आहे त्याच्या कानापर्यंत जायला हवं. मध्येच कुणाला तरी सांगून आपलं मन हलकं होतं, एवढंच.

मग चांगल्या कंट्रोलरनं वागावं कसं? मैत्रिणीच्या मुलीनं मला त्यांच्या कामाच्या काही रीती सांगितल्या. त्या मी अगदी लोणच्याच्या कृतीसारख्या लिहून घेतल्या.

पहिली रीत म्हणजे ऐकलेलं परत म्हणून घेणं. कंट्रोलर म्हणाला, ‘३,००० फुटांवर या,’ तर वैमानिक नुसतं ‘बरं’ म्हणत नाही. ‘३,००० फुटांवर येतो,’ असं आकड्यासकट म्हणून दाखवतो. आणि कंट्रोलरनं ते कान देऊन ऐकायचं असतं. चुकीचं म्हटलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करायचं असतं.

दुसरी रीत म्हणजे माणसाबद्दल नाही, जागेबद्दल बोलायचं. विमान आपल्या वाटेवरून सरकलं, तर ठरलेलं वाक्य असं असतं, की ‘तुम्ही वाट ओलांडली आहे, लगेच डावीकडे वळा आणि वाटेवर या.’ त्यात ‘लक्ष कुठं आहे?’ नाही, ‘कितीदा सांगायचं?’ नाही. ते बोलण्यात जे दोन सेकंद जातात, तेवढ्यात विमान कुठल्या कुठं गेलेलं असतं.

तिसरी रीत मला सर्वांत आवडली. दोन समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी दोन विमानं उतरत असली, तर मधे सुमारे ६१० मीटर रुंदीचा एक पट्टा सोडलेला असतो, आणि त्यावर नजर ठेवायला वेगळा कंट्रोलर असतो. एखादं विमान चुकून त्या पट्ट्यात शिरलं, तर कंट्रोलर चुकणाऱ्याला हाका मारत बसत नाही. पलीकडचं विमान, जे सरळ आपल्या वाटेनं येतंय, त्याला तो लगेच वर घेतो आणि बाजूला वळवतो. तेलाची कढई कलंडली, तर आपणही आधी ओट्याजवळचं मूल उचलतो ना? कढई कुणी कडेला ठेवली, ते मागाहून.

चौथी रीत ही, की नकार आला तरी आपलं म्हणणं सोडायचं नाही. विमान उतरण्याजोगं नसेल तर कंट्रोलर परवानगी मागं घेऊन ‘पुन्हा वर जा’ म्हणू शकतो. वैमानिकांनाही शिकवलेलं असतं, की ढगातून उतरताना १,००० फुटांपर्यंत सगळं जागच्या जागी बसलं नाही, तर हट्ट न करता वर जायचं आणि फिरून यायचं. यात कमीपणा नाही. फिरून आलेलं विमान दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचतं, पण पोचतं.

आणि पाचवी रीत हिशेबाची. हिशेब करायचाच, पण नंतर. अमेरिकेत वैमानिकाकडून काही नियमभंग झाल्यासारखा वाटला, तर कंट्रोलर हातातलं काम सांभाळून, सवड मिळेल तेव्हा शांतपणे एवढंच सांगतो, की तुमच्याकडून चूक झाली असण्याची शक्यता आहे, उतरल्यावर अमुक नंबरवर फोन करा. बस्स. जे काय बोलायचं ते जमिनीवर. तिथं १९७६ पासून आणखी एक सोय आहे. वैमानिक, कंट्रोलर, कुणीही आपल्या हातून झालेली चूक ‘नासा’ या संस्थेला लिहून कळवू शकतो. नाव काढून टाकलं जातं. चूक मुद्दाम केलेली नसेल आणि ती दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर साधारणपणे दंडातून सूट मिळते. कारण काय, तर लपवलेली चूक पुन्हा होते, सांगितलेली चूक दहाजणांना शहाणं करते.

आता यातलं आपल्या घरात काय आणायचं? माझ्या घरात मी काय केलं, ते सांगते. जमेल तेवढं घ्या.

फोनवर ‘हो’ किंवा ‘ठीक’ एवढंच उत्तर येईल असा प्रश्न विचारणं मी सोडलं. “गोळ्या घेतल्यास ना?” याऐवजी “सकाळी कुठली कुठली गोळी घेतलीस? पाकीट हातात घे आणि नाव वाच,” असं विचारते. मुलीला “अभ्यास झाला का?” याऐवजी “आज कुठलं गणित अडलं?” असं. सासरी गेलेल्या लेकीला “खूश आहेस ना?” याऐवजी “काल रात्री जेवायला काय होतं, कोण कोण बसलं होतं पंगतीला?” असं विचारून पाहा. उत्तरात जे येत नाही, तेही ऐकू येतं.

औषधाचं नवं पाकीट आलं, की त्यावरचं मूळ औषधाचं नाव जुन्या पाकिटाशी ताडून पाहायचं. एक नाव कंपनीनं दिलेलं असतं. दुसरं मूळ औषधाचं असतं. तेच पाहायचं. शंका आली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी चालूही करायची नाही, बंदही करायची नाही. जुनं पाकीट मात्र डब्यात ठेवायचं नाही.

महत्त्वाचं काही सांगितलं, की ते परत म्हणून घ्यायचं. सुरुवातीला घरचे हसतात. आमचे ‘हे’ तर “कळलं गं, मी काय वैमानिक आहे?” म्हणाले. पण दुसऱ्याच आठवड्यात बँकेत न्यायचे कागद तीनऐवजी दोनच ऐकले होते, हे परत म्हणतानाच कळलं.

चूक चालू असताना फक्त काय दिसतंय आणि काय करायचं, तेवढंच बोलायचं. “गॅस चालू राहिलाय, बंद कर.” “तुझं हे नेहमीचंच” हे वाक्य संध्याकाळच्या चहापर्यंत ठेवून द्यायचं. बहुतेक वेळा संध्याकाळी ते म्हणावंसंच वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि दोनदा सांगूनही “मी ठीक आहे” असंच उत्तर आलं, पण आपल्याला दिसतंय ते ठीक नाही, तर परवानगी देऊन मोकळं व्हायचं नाही. मी आईच्या शेजारच्या वहिनींचा नंबर फोनजवळ भिंतीवर लिहून ठेवला आहे. आईचं उत्तर मनाला पटलं नाही, की त्यांना फोन करते. आईला हे आवडलं नाही. “मी काय लहान आहे?” म्हणाली. दोन दिवस बोलणं तुटक होतं. पण वहिनी आता संध्याकाळी चक्कर मारतातच, आणि दोघींच्या गप्पा रंगतात.

शेवटची गोष्ट जरा अवघड आहे, बरं का. घरात एखादी तरी जागा अशी असू द्या, की जिथं चूक सांगितली तर बोलणी बसणार नाहीत. आईला त्या बारा दिवसांत दोनदा गरगरलं होतं. तिनं ते मला सांगितलं नाही. का? तर मी रागावेन म्हणून. “तू पाणीच पीत नाहीस, ऐकतच नाहीस,” असं मी सुरू करेन म्हणून. हे तिनं मला नंतर सांगितलं, तेव्हा मला काय वाटलं ते लिहीत नाही. विमानाचे दोन आकडे वाचायला शिकणं सोपं आहे. आपल्या माणसानं आपल्याला खरा आकडा सांगावा, असं वागणं कठीण.

आईचं मनगट आता बरं आहे. पोळी लाटताना अजून थोडं दुखतं. काल दिवेलागणीला फोन केला. तिनं आपणहूनच पाकीट उचललं, नाव वाचलं, “पांढरी, लहान, एक” असं सांगितलं. मी ते परत म्हटलं. मग ती म्हणाली, “आता तुझं सांग. आणि ‘ठीक आहे’ म्हणू नकोस. काल रात्री किती वाजता अंथरुणाला पाठ टेकलीस, तेवढं सांग.”

मी सांगितलं, “पावणेएक.”

पलीकडे क्षणभर काही आवाज आला नाही. मग ती एवढंच म्हणाली, “आज दहाला झोप.” आणि मला ते परत म्हणून दाखवावं लागलं.

पुढच्या खेपेला लोणच्याच्या पत्रांची उत्तरं. नक्की!